लेकरांना दवाखान्यात फसवून नेणं आता बंद करूया

आपल्याकडं लहान मुलाला दवाखान्यात न्यायची एक ठरलेली रीत आहे. त्याला खरं सांगायचं नाही. 'मामाकडं जायचंय', 'बाजारात जाऊन खेळण्यातली गाडी आणूया', फार तर 'डॉक्टरकाका नुसते बघणार आहेत, सुई नाही द्यायचे'. पोरगं चांगले कपडे घालून खुशीत गाडीवर पुढं बसतं. दवाखान्याच्या पायरीवर तो वास नाकात शिरला की त्याला सगळं कळतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आई हात धरणार, बाप पाय धरणार, सिस्टर डोकं धरणार, आणि पोरगं छत फाटेल असं ओरडणार. सुई दोन सेकंदांची, झटापट दहा मिनिटांची. बाहेर बाकड्यावर बसलेली दुसरी चार पोरं ते ऐकून आधीच रडायला लागलेली.

आणि हे सगळं झाल्यावर आपण हसत सांगतो, "लई नाटकी आहे आमचं!"

माझं म्हणणं सरळ आहे. नाटक पोरगं करत नाही, आपण करतो. त्याला सुई टोचली याचा राग दोन तासांत जातो. आपल्याच माणसानं फसवून आणलं, हे मात्र ते विसरत नाही. पुढच्या वेळी तुम्ही खरंच मामाकडं निघालात तरी ते गाडीवर बसायला तयार होत नाही.

हा घरातला विषय आहे, सार्वजनिक गोष्टींवर लिहिणाऱ्या माणसानं कशाला यात पडायचं, असं कुणाला वाटेल. पण मला हा शंभर टक्के सार्वजनिक प्रश्न वाटतो. सरकार मुलांच्या ऑपरेशनवर पैसे खर्च करतं, लसीकरणावर करतं, योजनांच्या जाहिरातींवर तर करतंच करतं. पण ज्याच्या अंगावर हे सगळं होणार आहे त्या लेकराला कुणीतरी पंधरा मिनिटं बसून समजावून सांगावं, याची सोय आपल्या कुठल्याच सरकारी हिशोबात नाही. आईबापांना कुणी शिकवलेलं नाही, दवाखान्याला वेळ नाही. मग उरतं काय? थापा आणि धरपकड.

आधी धमकीचं बोलू

'जेव, नाहीतर डॉक्टर सुई देतील.' 'गप बस, ते बघ डॉक्टर आले.' पूर्वी बागुलबुवा होता, मग पोलीस आला, आता डॉक्टरला त्या कामावर ठेवलाय. वर्षभर ज्या माणसाची भीती घातली, आजारी पडल्यावर त्याच माणसापुढं पोरानं शांत बसावं अशी आपली अपेक्षा. कसं बसेल राव?

तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात आणखी एक गोष्ट चाललेली असते. आपण काहीतरी वाईट वागलो म्हणून आजार आला, म्हणून ही शिक्षा मिळतेय, असं त्याला मनापासून वाटू शकतं. त्यात आपण 'आईस्क्रीम खाल्लंस ना, आता भोग' असं म्हणालो की त्याची खात्रीच पटते. एवढ्याशा जिवाला ताप आलाय, घसा दुखतोय, आणि वर आपणच दोषी असं वाटतंय. म्हणून पहिलं वाक्य हेच सांगायचं, आणि दोनतीनदा सांगायचं: 'तू काही चूक केलीस म्हणून हे झालेलं नाही.'

खरं नुकसान कुणाचं होतं?

वर्षातून एकदा सर्दी-तापासाठी जाणाऱ्या मुलाचं एक वेळ चालून जाईल. पण ज्यांना वारंवार जावं लागतं त्यांचं काय? थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, वर्षानुवर्षं. टाईप १ मधुमेहाच्या मुलाला रोज इन्शुलिनच्या सुया, शिवाय साखर तपासायला बोटाला टोचणं वेगळं. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात, त्यात कितीदा तरी पाठीतून सुई घालावी लागते. जन्मतः पाय वाकडे असलेल्या बाळाला दर आठवड्याला नवं प्लास्टर. विदर्भात आणि नंदुरबारकडं सिकलसेलची मुलं दुखणं उठलं की पुन्हा पुन्हा भरती होतात.

या मुलांसाठी पहिली सुई कशी दिली गेली यावर पुढची शंभर दिवस कशी जाणार ते बरंचसं ठरतं. पहिल्याच वेळी चौघांनी आडवं पाडून धरलं असेल तर दुसऱ्या वेळी सहा माणसं लागतात. मग आईचा जीव कासावीस होतो, तारीख पुढं ढकलली जाते, 'या वेळी राहू दे' होतं. उपचार मध्येच सुटतात त्याला पैसा, अंतर, रोजगार बुडणं ही कारणं आहेतच. पण लेकराचे हाल बघवत नाहीत हेही एक कारण आहे, आणि ते कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलं जात नाही.

आणि मोठ्यांचं बघा. आपल्या ओळखीत चाळिशी-पन्नाशीचे किती बाप्ये आहेत जे रक्त तपासायला जात नाहीत? छातीत दुखलं तरी 'ॲसिडिटी आहे' म्हणून सोडा पिणारे? त्यातल्या प्रत्येकाला लहानपणी कुणीतरी पाय धरून आडवं पाडलेलं होतं असं मी म्हणत नाही. पण भीती लहानपणी बसते आणि मोठेपणी तिला कारणं चिकटतात, एवढं मात्र खरं.

मग आईबापांनी करायचं काय?

डॉक्टरांशी, सिस्टरांशी बोलून, थोडं वाचून आणि वॉर्डात बसून बघून जे समजलं ते सांगतो. यात पैसे लागत नाहीत.

१) आधी स्वतः समजून घ्या. नेमकं काय होणार, किती वेळ, कुठं दुखणार, आपल्याला आत थांबता येईल का, शुद्धीवर आल्यावर अंगाला काय लावलेलं असेल. हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. चार प्रश्न कागदावर लिहून न्या. ज्याला स्वतःला माहीत नाही तो लेकराला काय सांगणार?

२) कधी सांगायचं ते वयावर. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगून काही उपयोग नाही, त्याला 'पुढचा सोमवार' कळत नाही. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी सांगा. चार-पाच वर्षांच्याला एक-दोन दिवस आधी. शाळेत जाणाऱ्याला पाच-सात दिवस आधी, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलीला तर पहिल्यापासून बरोबर घ्या. डॉक्टर बोलतील ते त्यांच्यासमोर बोलू द्या. मोठं होत चाललेलं पोर दाराबाहेर उभं करून आत त्याच्याच शरीराबद्दल कुजबुजायचं, यासारखा अपमान नाही. या वयाला लाजही असते. कपडे कुठले काढावे लागतील, तपासताना कोण असेल, हे त्यांना आधीच सांगा.

३) खोटं बोलू नका, पण सगळं एकदम ओतूही नका. 'अजिबात दुखणार नाही' हे वाक्य कायमचं बंद. 'मुंगी चावल्यासारखं' हेसुद्धा जपून, कारण मुंगी चावल्यावर काय होतं ते पोराला चांगलं माहीत असतं आणि तुलना चुकली की तुम्ही खोटे ठरता. त्यापेक्षा सांगा: 'थोडं दुखेल. दहा आकडे मोजेपर्यंत. मी हात सोडणार नाही.' हे तिन्ही खरं आहे आणि तिन्ही त्याला पेलतं.

४) शब्द सांभाळा. मुलं शब्द जसाच्या तसा धरतात. 'रक्त काढणार' म्हटलं की काहींना वाटतं सगळंच काढणार. सांगा, 'छोट्या बाटलीत थोडंसं, आणि अंगात नवीन तयार होतं.' 'सलाईन लावणार' म्हटलं की वाटतं दिवसभर सुई हातात टोचलेली राहणार. खरं असं आहे की सुई लगेच बाहेर काढतात, आत राहते ती प्लास्टिकची मऊ बारीक नळी. हे कित्येक मोठ्यांनाही माहीत नसतं, म्हणून तेही हात ताठ धरून बसतात. 'पोट कापणार' असं आजूबाजूचे बोलत असतील तर त्यांना गप्प करा.

५) भुलीबद्दल नीट सांगा. नुसतं 'झोपवणार' म्हटलं तर मूल विचार करतं, मी रोज रात्री झोपतो तेव्हा जरा हलवलं की उठतो, मग मध्येच उठलो तर? त्याला सांगा, 'ही वेगळी झोप आहे, औषधाची. काम चालू असताना जाग येत नाही. एक डॉक्टर फक्त तुझ्या झोपेवर लक्ष ठेवायला असतात. काम संपलं की ते तुला उठवतात.' उठल्यावर घसा खवखवेल, मळमळेल, हाताला पट्टी असेल, हेही सांगून ठेवा. सांगितलेलं घडलं की मूल घाबरत नाही.

६) खेळून दाखवा. बाहुली घ्या, टेडी घ्या, नाहीतर कापडाची गुंडाळी घ्या. तिला पट्टी बांधा, सुई नसलेली सिरिंज मेडिकलमध्ये पाच-दहा रुपयांत मिळते, तिनं टोचा. मग पोराला डॉक्टर होऊ द्या आणि तुम्ही पेशंट व्हा. एमआरआय असेल तर घरी 'पुतळा' खेळा: हलायचं नाही, मी मोजतोय. त्या मशीनचा ठकठक आवाज खूप मोठा असतो, तो मोबाईलवर आधी ऐकवा. प्लास्टर कापायचं असेल तर सांगा की ते मशीन करवतीसारखं दिसतं आणि आवाजही तसाच करतं, पण त्याचं चाक गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापायला ते बनवलंय. एवढ्या एका वाक्यानं किती पोरांची किंचाळी वाचेल!

७) निवड द्या, पण खरीखुरी. 'सुई घ्यायची का?' हा प्रश्न विचारू नका, कारण 'नको' म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही आहात. विचारा, 'डावा हात की उजवा? मांडीवर बसणार की शेजारी? बघायचं की तिकडं तोंड करायचं?' एवढीशी सत्ता त्याच्या हातात आली की बराच फरक पडतो.

८) त्या क्षणी फुंकर. भिरभिरं, साबणाचे फुगे, नाहीतर आपल्याच हाताची पाच बोटं म्हणजे पाच मेणबत्त्या. हळू फुंकून विझवायच्या. गोष्ट सांगा, गाणं म्हणा, मोबाईलवर कार्टून लावा. मोबाईल वाईट खरा, पण या पाच मिनिटांपुरता त्याला माफ करूया. आणि 'काही नाही, काही नाही, काही नाही' हे घोकणं सोडा. त्यातून पोराला एवढंच कळतं की आई घाबरलीय, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

९) रडू द्या. 'मुलगा असून रडतोस?' हे बंद. 'रडलास तरी चालेल, ओरडलास तरी चालेल, फक्त हात हलवायचा नाही. तेवढं एकच काम तुझं.' मूल ते काम अभिमानानं करतं. झाल्यावर कौतुकही त्याचंच करा: 'हात अगदी स्थिर ठेवलास.'

१०) आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. ऑपरेशनआधी उपाशी ठेवायला सांगतात ते छळायला नाही. भुलीत पोटातलं उलटून वर आलं आणि फुप्फुसात गेलं तर जीव जाऊ शकतो. साधारणपणे जेवण, बिस्किट, वरचं दूध सहा तास आधी बंद; अंगावरचं दूध चार तास; साधं पाणी दोन तास. पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जी वेळ दिली असेल तीच पाळायची. आपल्याकडं होतं काय? लेकरू भुकेनं रडतं, आज्जीला बघवत नाही, ती पदराआडून एक बिस्किट देते आणि कुणाला सांगत नाही. आज्जीची माया खरी आहे. म्हणूनच तिला कारण समजावून सांगितलं पाहिजे. आणि चुकून खाल्लंच असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन पुढं ढकललं तर ढकलू दे.

घरी आल्यावर काही दिवस मूल चिकटून राहील, रात्री दचकेल, अंथरूण ओलं करेल. रागावू नका. बाहुलीला दिवसभर सुया टोचत बसेल, तर बसू द्या. मनातलं बाहेर काढायची त्याची ती पद्धत आहे. आठवडे उलटले तरी थांबत नसेल तर डॉक्टरांना सांगा. घरातल्या दुसऱ्या भावंडालाही दोन वाक्यं सांगा, नाहीतर त्याला वाटत राहतं की ताई गायब झाली ती आपल्यामुळंच.

दृष्ट काढायची असेल, देवाचा अंगारा लावायचा असेल, खुशाल लावा. आईच्या मनाला धीर आला की लेकराला येतो. फक्त ऑपरेशनच्या जागेवर लावू नका, आणि पोटात देऊ नका.

आता दवाखान्याचं

सगळं आईबापांवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पण आईबापांनी कितीही तयारी केली आणि आत गेल्यावर 'ए, धरा रे त्याला!' झालं, तर तयारी मातीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली लसीकरणाच्या वेळचं दुखणं कमी करण्याबद्दल लेखी शिफारशी केल्या आहेत. त्या वाचल्यावर मला आश्चर्य वाटलं, कारण त्यात महागडं असं काहीच नाही. आईबापांना जवळ राहू द्या. बाळाला आईनं कडेवर किंवा मांडीवर धरावं. मोठ्या मुलाला आडवं न पाडता बसवून द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला लसीच्या आधी किंवा वेळी दूध पाजा. एकाच वेळी अनेक लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्या. आणि 'अजिबात दुखणार नाही' अशी खोटी आश्वासनं देऊ नका. यातल्या कुठल्या गोष्टीला टेंडर काढावं लागतं, सांगा?

सरकारी वेळापत्रकात जन्मल्यापासून लसी सुरू होतात: जन्मतः, मग सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने, दीड वर्षाच्या आसपास. ते बाळाला आठवत नाही. पण पाच-सहा वर्षांचा बूस्टर आठवतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची सुई आठवते. शाळेत रांग लावून, पुढच्याचं रडणं मागच्याला ऐकवत दिलेली सुई तर जन्मभर आठवते. रांग वर्गाबाहेर ठेवली आणि सुई आत दिली, एवढं केलं तरी अर्धं काम होतं.

सुन्न करणारं क्रीमही मिळतं. ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावायचं नाही, तान्ह्या बाळांना तर नाहीच. वारंवार सुया लागणाऱ्या मुलांच्या पालकांनी निदान विचारून तरी बघावं. कुणी विचारतच नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

आपल्याकडं एक गोष्ट मात्र चांगली आहे आणि ती आपल्या लक्षात येत नाही. इंग्लंडमध्ये सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी लहान मूल भरती झालं की आईला सोबत राहू देत नसत. कितीतरी ठिकाणी भेटीची वेळ ठरलेली आणि तीही मोजकी. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीच्या दवाखान्यातल्या दिवसांवर फिल्म काढली, तेव्हा लोकांना ते एकटं पडलेलं लेकरू दिसलं. १९५९ मध्ये प्लॅट समितीच्या अहवालानं सांगितलं की आईबापांना भेटायला मोकळीक द्या, लहान मुलांच्या आयांना राहायची सोय करा. तिकडं त्यासाठी पुढं कितीतरी वर्षं भांडावं लागलं.

आपल्याकडं आई वॉर्डात असतेच. खाटेखाली चटई टाकून, डबा खात, रात्रभर जागी. ती असते कारण सिस्टर कमी आहेत आणि सगळी उठाठेव नातेवाइकांनाच करावी लागते. म्हणजे जे त्यांना भांडून मिळालं ते आपल्याला टंचाईमुळं फुकट मिळालंय. आणि आपण करतो काय? चोवीस तास आईला राबवतो, आणि नेमकं ज्या पाच मिनिटांत लेकराला ती हवी असते, तेव्हा म्हणतो, 'बाहेर थांबा!'

काही वेळा बाहेर थांबावंच लागतं, हे मान्य. ऑपरेशन थिएटरचे नियम असतात, काही आया चक्कर येऊन पडतात. पण साधी सुई, सलाईन, ड्रेसिंग यासाठी सरसकट बाहेर काढायची गरज नाही.

मागणी काय आहे?

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका रुग्णालयात १९५५ साली एमा प्लँक नावाच्या बाईंनी मुलांच्या वॉर्डात खेळातून तयारी करून घ्यायचं काम सुरू केलं. त्या डॉक्टर नव्हत्या. व्हिएन्नाहून आलेल्या, माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या शिक्षिका होत्या. आज तिकडं मोठ्या बालरुग्णालयांत यासाठी स्वतंत्र माणूस असतो.

हे वाचून 'आपल्याकडं कुठलं एवढं' असं म्हणू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यात आल्या, पुढं ते कोसबाडला गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. गाणी, गोष्टी, बाहुल्या, मातीची भांडी घेऊन घाबरलेल्या लेकराला बोलतं करणाऱ्या हजारो ताया या महाराष्ट्रात आहेत. त्यातली एकसुद्धा मुलांच्या वॉर्डात का नसावी?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये झाली, तीही आपल्याच पालघरमधून. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलं तपासतात. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वाकडे पाय असलेली मुलं शोधून पुढं पाठवतात. हे फार मोठं काम आहे, त्याबद्दल त्या पथकांना नमस्कारच. पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या वाडीवस्तीवरून एखादं सहा वर्षांचं लेकरू हृदयाच्या ऑपरेशनला पुण्या-मुंबईला निघतं, तेव्हा त्याच्या हातात रेफरची चिठ्ठी असते आणि डोक्यात काहीच नसतं. त्याला माहीत नसतं की उठल्यावर छातीवर पट्टी असेल, नळ्या असतील, आई काचेपलीकडं असेल. आईलाही माहीत नसतं.

म्हणून मागण्या चारच, आणि चारही इथंच पूर्ण होण्यासारख्या:

एक. चिठ्ठीबरोबर मराठीत चित्रांचं एक पत्रक द्या. मुलासाठी एक पान, आईबापांसाठी एक पान. उपाशी राहण्याच्या वेळेसह. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच पाच मिनिटांच्या व्हिडिओत, आपल्या बोलीत. आशाताईच्या मोबाईलवर तो राहू शकतो.

दोन. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात आठवड्याचे काही तास तरी बालवाडीचं प्रशिक्षण घेतलेली एक ताई मानधनावर नेमा. एक कपाट खेळणी, एक बाहुली, सुई नसलेल्या सिरिंजा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून हे बसवता येतं का ते समितीनं बघावं. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या रचनेत मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवकाची पदं आहेतच. आपल्या जिल्ह्यात ती भरलेली आहेत का, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपयांचा अर्ज पुरतो. मी तो टाकतोय, उत्तर आलं की इथंच लिहीन.

तीन. साध्या सुई-सलाईनला आई किंवा बापापैकी एकाला जवळ थांबू द्यायचं, हा लेखी नियम करा. खासगी दवाखान्यांतही रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावलेली असते. तिच्याखाली ही एक ओळ वाढवायला हरकत काय?

चार. सुई द्यायची खोली वेगळी. मूल ज्या खाटेवर झोपतं, खातं, खेळतं तिथं शक्यतो टोचाटोची करायची नाही. निदान ती एक खाट तरी त्याला सुरक्षित वाटू दे.

यावर येणारी उत्तरं

'डॉक्टरांना वेळ कुठाय?' खरंय, नाहीच. एका ओपीडीत शंभर-शंभर पेशंट बघणाऱ्या माणसाकडं गोष्ट सांगायचा वेळ मागणं अन्यायाचं आहे. म्हणूनच मी वेगळ्या माणसाची मागणी करतोय. शिवाय झटापटीत जाणारी दहा मिनिटं, तीनदा चुकलेली सलाईन, त्यात अडकलेले चार कर्मचारी, हा वेळ कोण मोजतो?

'आम्ही असेच मोठे झालो, आम्हाला काय झालं?' आपण छडी खाऊनही मोठे झालो. म्हणून छडी चांगली ठरत नाही.

'आधी सांगितलं तर जास्त घाबरेल.' थोडं घाबरेल. पण सांगितलेली भीती आईच्या कुशीत घरी येते, तिथं प्रश्न विचारता येतात. न सांगितलेली भीती टेबलावर येते, तेव्हा कुशीही नसते.

'गरिबाला हे परवडत नाही.' खरं बोलायला पैसे लागत नाहीत. उलट ज्याला एका खेपेसाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं मोजावं लागतं, त्याचं ऑपरेशन एका बिस्किटापायी पुढं गेलं तर त्यालाच जास्त महाग पडतं.

आपण मिरजेच्या आजूबाजूची माणसं. शंभर वर्षांहून जास्त काळ लांबलांबून पेशंट जिथं येतात त्या गावाच्या पंचक्रोशीत राहतो. दवाखाना आपल्याला परका नाही. चांगले डॉक्टर आहेत, जीव ओतणाऱ्या सिस्टर आहेत, लेकराला नुसतं नाव विचारून हसवणाऱ्या मावशी आहेत. पण चांगलं माणूस भेटलं तर नशीब, नाहीतर धरपकड, असं किती दिवस चालवायचं? लेकराला माणसासारखं वागवणं हे नशिबावर सोडायची गोष्ट नाही. बालहक्कांच्या करारावर भारतानं १९९२ मध्ये मान्यता दिली, त्यात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो हक्क शाळेत असेल, कोर्टात असेल, तर दवाखान्याच्या टेबलावरही असलाच पाहिजे.

तुमच्या गावच्या आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत सरपंच असतील, झेडपीचे सदस्य असतील, ओळखीचं कुणीतरी असेलच. पुढच्या बैठकीआधी या चार मागण्या त्यांच्या कानावर घाला. ही पोस्ट दाखवायची तर दाखवा. सिस्टर, आशाताई, अंगणवाडीताई वाचत असतील तर तुमच्याकडं पोरांना शांत करायच्या ज्या युक्त्या आहेत त्या खाली लिहा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि घरात लहान मूल असेल, येत्या महिन्यात लस, दात, टाके, काहीही असेल, तर एवढं करा. आज रात्री त्याला शेजारी घेऊन खरं काय ते सांगा.